साठ मीटरची मर्यादा आणि खडकाचं गणित

महाराष्ट्राच्या 80 टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. एकसंध पाषाणात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते साठतं वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडकात आणि भेगांमध्ये. पाण्याने भरलेल्या एक घनमीटर मुरमातून विहिरीला साधारण 20 लिटरच, म्हणजे 2 टक्के पाणी मिळतं.

हाच आकडा धरून गावाचा हिशेब मांडता येतो. 500 हेक्टर शिवारात मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी 3 मीटर चढली, तर 50 लाख चौरस मीटर × 3 × 0.02 = 3 लाख घनमीटर साठा वाढला. 2,000 लोकांना दरडोई रोज 55 लिटर दिले, की वर्षाला 40 हजार घनमीटर त्यातून आधीच बाजूला काढायचे. उरलेल्या 2 लाख 60 हजारांत हेक्टरी 20,000 घनमीटर पिणारा ऊस 13 हेक्टरच भिजतो. हेक्टरी 4,000 घनमीटर धरलं, तर रब्बी ज्वारी 65 हेक्टर.

गणित फसतं ते मोजणीत. मोटर चालू असताना, किंवा बंद करून तासाभरात टेप सोडला, तर उपशाने खचलेली पातळी मिळते. मोटर आदल्या रात्री बंद ठेवावी, दर वेळी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून मोजावं आणि कठड्याची उंची वजा करावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्यातला ऑक्टोबरचा आकडा सर्वांत मोलाचा, कारण रब्बीचं बी अजून पेरायचं असतं. तो ग्रामसभेत तेव्हाच पोचला पाहिजे. जानेवारीत कळून उपयोग नाही, ऊस उभा असतो.

राज्याच्या 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, बोअर मारणाऱ्या यंत्रांची नोंदणीही सक्तीची आहे. या मर्यादेमागे खडकाचंच कारण आहे. खोल गेलं की भेगा विरळ होतात आणि पुनर्भरण, म्हणजे पाणी मुरून साठा पुन्हा भरणं, फार संथ. त्यात 200 मीटरच्या बोअरला केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पाइप, बहुधा वरच्या भुसभुशीत थरापुरतंच असतं. त्याखाली भोक उघडं राहतं आणि उथळ भेगांतलं पाणी त्यातून तळाशी उतरतं. शेजारची 12 मीटरची विहीर मग पाऊस चांगला होऊनही फेब्रुवारीत कोरडी पडते.