कापूर, नीलगिरी ते डिफ्यूझर: घरातल्या सुगंधी तेलांची पार्श्वभूमी

सुगंधी तेलांचे डिफ्यूझर (वास खोलीभर पसरवणारी यंत्रं), रोल-ऑन, झोपेसाठीचं ब्लेंड वगैरे जे आता घराघरात आलंय त्याचा इतिहास सांगायला बसलं की लोक थेट इजिप्तच्या ममीपर्यंत जातात. ते सोडून देऊ. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळाची छाती शेकायची, बाळंतिणीच्या खोलीत धुरी, दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा, सर्दीला रुमालावर नीलगिरीचे थेंब, हे सगळं आपल्याकडे होतंच, फक्त त्याला कोणी थेरपी म्हणत नव्हतं.

थेरपी हे बिरुद फ्रान्समधून आलं. तिथल्या एका अत्तराच्या केमिस्टचे हात १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले आणि लॅव्हेंडरच्या तेलाने बरे झाले, पुढे १९३७ मध्ये त्याने अरोमाथेरपी हे नाव देऊन पुस्तक काढलं. नेटवर सगळीकडे सापडतं की त्याने जळता हात लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला. त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे, आग त्याने गवतावर लोळून विझवली, नंतर जखमा सडायला लागल्या तेव्हा तेलाने धुतल्या. म्हणजे मुद्दा जंतूंचा होता, मूड फ्रेश करण्याचा नव्हताच. फ्रेंच डॉक्टर ही तेलं जखमेवर लावायचे, पोटातही द्यायचे. मग साधारण १९६० च्या आसपास हे प्रकरण ब्रिटनमध्ये ब्यूटी पार्लर आणि मसाजवाल्यांकडे गेलं, तिथे पातळ करून अंगाला चोळायची पद्धत पडली, आणि आपल्याकडे नव्वदीनंतर स्पामधून जे आलं ते हे दुसरं रूप.

आपली जुनी तेलंही वाटतात तितकी 'पारंपरिक' नाहीत. नीलगिरीचं झाड ऑस्ट्रेलियाचं, उटीच्या बाजूला ब्रिटिशांना सरपण कमी पडायला लागलं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या डोंगरांत लावलेलं. कापूर पूर्वी तैवानच्या जंगलातून यायचा, १८९९ मध्ये जपान सरकारने तिथे त्याची मक्तेदारी घेतली कारण सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लॅस्टिकला तो लागायचा, आणि आज देवासमोर जळणारी वडी बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेली असते.

कापरावर जरा जास्त थांबतो, कारण घरगुती वासाच्या वस्तूंवर सरकारने किती बोट ठेवायचं हा वाद तिथेच सगळ्यात नीट दिसतो. अमेरिकेत छातीला चोळायला कापराचं तेल मिळायचं, २० टक्के कापूर, दुकानात कोणालाही. त्याची बाटली आणि एरंडेलाची बाटली यात लोकांची गल्लत व्हायची आणि पोट साफ करायला म्हणून लेकरांना चमचाभर हेच पाजलं जायचं. हिशोब साधा आहे, ५ मिलीच्या चमच्यात १ ग्रॅम कापूर, आणि लहान मुलाच्या जिवाला तेवढा पुरतो, काही मिनिटांत फिट्स येतात. शेवटी तिथल्या औषध प्रशासनाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे तेल बंद केलं आणि बाकी बाम, मलमांमध्ये ११ टक्क्यांची वरची मर्यादा घातली.

आता हा निर्णय पूर्ण की अर्धवट? बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं होतं की कापराशिवाय चालणारे उपाय असताना तो घरात ठेवायचाच कशाला. दुसरी बाजू अशी की बाम चोळून लोकांना बरं वाटतं, चोळण्याने सहसा कोणी दगावत नाही, गिळण्याने दगावतात. दोन्ही खरं आहे. पण मला यातली खरी पळवाट वेगळीच वाटते. मर्यादा लागली ती औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला, पूजेची किंवा झुरळं पळवायची वडी तर जवळजवळ निव्वळ कापूर, आणि ती औषध नाही म्हणून तिच्यावर ११ टक्के लागूच होत नाही. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी तीन मुलांच्या केसेस छापल्या, तिघांनाही फिट्स आलेल्या, आणि घरात असाच लेबल नसलेला कापूर वापरात होता. आपल्या देव्हाऱ्यातला डबा बाळाच्या हाताला लागतो का, एवढं बघायला तरी याचा उपयोग व्हावा.

कापराच्या तेलावर बंदी आली त्याच काळात, १९८३ मध्ये, ब्रिटनमध्ये एक साधा प्रयोग झाला. कापूर, नीलगिरी आणि मेन्थॉलची वाफ देऊन नाकातून हवा जायला होणारा अडथळा मोजला. अडथळा तेवढाच राहिला, पण लोकांना नाक मोकळं झाल्यासारखं, थंड वाटलं. हे वाटणंही काही कमी नाही हो, सर्दीत तेवढ्याने झोप लागते! घोळ झाला तो एप्रिल-मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनसाठी माणसं रांगेत असताना कापूर-लवंग-ओवा आणि नीलगिरीचे दोन थेंब यांची पुरचुंडी हुंगा, लेव्हल वाढते, असे मेसेज प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरत होते. बाळाची छाती शेकणारी पुरचुंडी एकदम ऑक्सिमीटरशी जोडली गेली.

मधल्या काळात बाजारानेही हेच केलं, वासाला औषधाचा दावा चिकटवला. साखळी पद्धतीने तेल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी 'थेराप्युटिक ग्रेड' हा शिक्का रूढ केला, असा कुठलाही सरकारी दर्जा नसतो, तो कंपनीच स्वतःला देते. त्यांचे एजंट पोटात घ्यायचा जुना फ्रेंच प्रकार परत घेऊन आले, फक्त मधला डॉक्टर काढून टाकला. २०१४ मध्ये इबोलावर तेल चालतं असंही सांगायला लागले तेव्हा अमेरिकन औषध प्रशासनाने नोटिसा पाठवल्या.

आणि सगळ्यात अलीकडची मोठी घटना तर भारताशीच जोडलेली. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना मेलिओयडोसिस (उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यातल्या जंतूंमुळे होणारा जीवघेणा आजार) झाला, दोघं गेले, त्यात एक लहान मूल. यातलं कोणीच परदेशात गेलेलं नव्हतं. शोधता शोधता तपास पोचला भारतात बनलेल्या लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या रूम स्प्रेपर्यंत, बाटलीत रंगीत खडेसुद्धा होते. निव्वळ तेलात जंतूंना जगणं अवघड, पण स्प्रेमध्ये मुख्य असतं ते पाणी. सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवल्या गेल्या, आणि घेणाऱ्यांना सांगितलं गेलं की बाटली कचऱ्यात टाकू नका, सिंकमध्ये ओतू नका, दोन झिप पिशव्यांत घालून खोक्यात भरून दुकानात द्या आणि ज्या चादरींवर मारलंय त्या धुवा.