वॉलपेपरची बॉर्डर काढणे

भिंतीवर छताखाली किंवा साधारण कमरेच्या उंचीवर आडवी चिकटवलेली कागदाची किंवा व्हिनाइलची शोभेची पट्टी, भिंतीला नवा रंग देण्यापूर्वी, खालचा पृष्ठभाग न दुखावता उतरवणे आणि तिच्यामागे राहिलेली खळ धुऊन काढणे, या कामाला वॉलपेपरची बॉर्डर काढणे म्हणतात. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील घरदुरुस्तीत हे काम नेहमी करावे लागते. पट्टी उतरवणे हा त्यातला सोपा भाग होय. पुढे रंग बिघडतो तो बहुधा भिंतीवर राहून गेलेल्या खळीमुळे आणि पट्टीच्या कडेने साठलेल्या रंगाच्या उंचवट्यामुळे.

अठराव्या शतकात युरोपातील सधन घरांतून वॉलपेपर अनेकदा थेट भिंतीवर न लावता ताणून बसवलेल्या कापडावर लावला जाई. कापडाचे खिळे व कागदाच्या कापलेल्या कडा झाकण्यासाठी वेगळी छापलेली अरुंद पट्टी वापरत, म्हणजे साडीच्या काठासारखी दिसणारी ही पट्टी मुळात दोष लपवण्याच्या कामाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीचे खालचा, मधला व वरचा असे तीन भाग पाडून प्रत्येकाला निराळा कागद लावण्याची पद्धत ब्रिटन-अमेरिकेत रूढ झाली, आणि त्या भागांच्या सांध्यांवर बॉर्डरला जागा मिळाली. विसाव्या शतकात मागे पडलेली ही आवड 1980 ते 2000 या दोन दशकांत अमेरिकेत पुन्हा जोरात आली. स्वयंपाकघरात फळे व बदके, न्हाणीघरात शिंपले, मुलांच्या खोलीत मुळाक्षरे किंवा चेंडू. आज काढल्या जाणाऱ्या बॉर्डरी प्रामुख्याने याच काळातील आहेत, आणि तेव्हाची घरे विकत घेणाऱ्या तेथील मराठी कुटुंबांचीही त्यांच्याशी गाठ पडतेच.

अमेरिकेत बॉर्डरची गुंडाळी बहुधा 15 फूट लांबीची असते. 12 फूट लांब व 12 फूट रुंद खोलीचा परीघ 48 फूट होतो, तेव्हा अशा खोलीला चार गुंडाळ्या लागतात. पट्टी 7 इंच रुंद असेल तर ती सुमारे 28 चौरस फूट जागा व्यापते. भिंती 8 फूट उंच धरल्या तर एकूण क्षेत्रफळाच्या मानाने हा हिस्सा सात टक्क्यांच्या आसपास येतो, परंतु भिंत तयार करण्याच्या मेहनतीतला त्याचा वाटा याहून पुष्कळ मोठा असतो.

बॉर्डरवरच थेट रंग मारून मोकळे होण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो फसतो. पाण्यात मिसळलेल्या रंगातील ओल कागदातून झिरपून खळ पुन्हा मऊ करते, त्यामुळे सांधे उचकटतात व मध्येच फुगे येतात. काही छपाईची शाई नव्या रंगातून वर येते. आणि सर्व ठीक झाले तरी खिडकीतून तिरपा उजेड पडला की पट्टीची कड भिंतभर रेघेसारखी दिसत राहते.

काढण्याची पद्धत पट्टी कशाची आहे आणि कशाने चिकटवली आहे, यावर ठरते. व्हिनाइलच्या बॉर्डरीत पुढचा प्लॅस्टिकसारखा थर व मागचा कागद असे दोन थर असतात. कोपऱ्यात किंवा सांध्यावर पातळ पात्याने टोक उचलून पुढचा थर कोरडाच, भिंतीला जवळजवळ समांतर आणि सावकाश ओढला, तर तो पुष्कळदा लांबच लांब निघून येतो व मागचा कागद भिंतीवर राहतो. सरळ पुढे, काटकोनात ओढले तर खालचा रंगही सोबत येण्याचा संभव असतो. राहिलेल्या कागदावर स्पंजने कोमट पाणी लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे लागते; एका वेळी दोन-तीन फुटांचाच तुकडा भिजवला तर शेवटच्या भागाकडे पोहोचेपर्यंत तो वाळून जात नाही. नंतर रुंद पात्याची पत्री भिंतीला टेकवून, कमी कोनात धरून, कागद लगद्यासारखा सरकवून काढतात. जोर लावावा लागत असेल तर पाणी पुरेसे मुरलेले नाही असे समजावे. पाण्याला पुढचा थर दाद देत नसेल तेव्हाच त्याला बारीक दातांच्या चाकाने भोके पाडण्याचा मार्ग उरतो. ड्रायवॉलवर, म्हणजे कागद लावलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या भिंतीवर, हे चाक जपून वापरावे, कारण त्याचे दात खालच्या कागदातही रुततात. वाफेचे यंत्र जुन्या गिलाव्याच्या भिंतीवर चांगले चालते, ड्रायवॉलवर मात्र तेच घातक ठरते.

ड्रायवॉलच्या तक्त्याला दोन्ही बाजूंनी कागद लावलेला असतो. बॉर्डर लावण्यापूर्वी त्यावर प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) व रंग नीट दिलेला असेल तर पाणी आत शिरत नाही आणि पट्टी गुमान सुटते. बांधकाम व्यावसायिकाने रंगाचा एखादा पातळ हात देऊन घर विकलेले असेल, तर खळ थेट तक्त्याच्या कागदाला धरते व पट्टीबरोबर तोही फाटतो. फाटलेल्या जागी दिसणाऱ्या तपकिरी कागदावर लगेच पुट्टी भरल्यास तो पाणी शोषून फुगतो. म्हणून सुटलेल्या कडा आधी कापून, पाण्याने न विरघळणारा सीलर (पृष्ठभाग बंद करणारा लेप) लावून, तो वाळल्यावरच पुट्टी भरतात.

खळीचे प्रकारही सारखे नसतात. गव्हाच्या पिठाची किंवा अन्य स्टार्चची खळ कोमट पाण्याने व स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाने सुटते. मिथाइल सेल्युलोजची खळ साध्या पाण्यानेही विरघळते, एन्झाइमचा तिच्यावर परिणाम होत नाही. व्हिनाइलवर व्हिनाइल चिकटवण्यासाठी बनवलेला सिंथेटिक गोंद मात्र चिवट असतो, तो गरम पाण्याने मऊ करून खरवडावाच लागतो. भिंत पुसल्यावर ओला हात फिरवून बुळबुळीत लागले तर खळ अजून आहे. स्टार्च ओळखायला आयोडीनचे पातळ द्रावण लावतात, ते निळे-काळे पडते; पण इतर प्रकारच्या खळीबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. राहिलेल्या खळीवर रंग दिला की तो वाळताना ती आकसते व रंगाला बारीक भेगा जाऊन पोपडे येतात. म्हणून स्वच्छ पाणी वारंवार बदलत दोन-तीनदा भिंत पुसणे, ती पूर्ण वाळू देणे आणि त्यावर तेलाच्या किंवा लाखेच्या आधाराचा प्राइमर देणे, हा क्रम कुशल रंगारी सोडत नाहीत. पाण्याचा सामान्य प्राइमर उरलेली खळ पुन्हा जागी करतो.

पुष्कळदा मालकाने बॉर्डर तशीच ठेवून तिच्या आजूबाजूची भिंत मधल्या काळात दोन-तीनदा रंगवलेली असते. पट्टी निघाल्यावर तिच्या जागी जुन्या रंगाची पातळी खाली व कडेला नव्या थरांचा उंबरठा राहतो. हा उंबरठा पॉलिश पेपरने घासून, त्यावर पुट्टीचा रुंद व कडेला पातळ होत जाणारा हात द्यावा लागतो. टॉर्च भिंतीला लागून आडवा धरला की राहिलेली खोट लगेच दिसते. ही तपासणी रंगापूर्वी करण्यात शहाणपण आहे.

घासण्यापूर्वी घराचे वय पाहणे आवश्यक असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर 1978 मध्ये बंदी आली, त्यापूर्वीच्या घरात खालच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरडे घासल्यास त्याची धूळ उडते. पुट्टीसारख्या भरणीत ॲस्बेस्टॉस वापरण्यावर तेथे 1977 मध्ये बंदी आली. छतावर फवारून दिलेला जुना खडबडीत थर असेल तर त्यातही ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने, छताखालची बॉर्डर भिजवताना पाणी वर उडू देऊ नये.

महाराष्ट्रात कागदी बॉर्डरीची परंपरा नव्हती. भिंतीला खाली ऑइलपेंट व वर डिस्टेंपर देऊन मधे रंगाचीच पट्टी ओढत. आता मात्र मागे गोंद असलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्या इथल्या घरांतही लागतात. त्यांच्यावर पाण्याचा उपयोग होत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन त्या सोडवतात व उरलेला चिकटा टर्पेंटाइनने, खिडक्या उघड्या ठेवून, पुसतात. डिस्टेंपरच्या किंवा कच्च्या पुट्टीच्या भिंतीवरून अशी पट्टी ओढल्यास गोंदाबरोबर पुट्टीचा थरही सोलून येतो, आणि मग केवळ पट्टीची जागा नव्हे तर आजूबाजूची सुटलेली पुट्टीही घट्ट थर लागेपर्यंत खरवडून नव्याने पुट्टी भरावी लागते.