गाढवाचा 'ब्रे' मूळचा कुणाचा?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे मराठी शाळेत शिकलेल्यांना प्राण्यांच्या आवाजांचा तक्ता आठवत असेल: कुत्र्याचं 'बार्क', घोड्याचं 'नेय', गाढवाचं 'ब्रे', मेंढीचं 'ब्लीट'. आमच्याकडे हा तक्ता तिपदरी. घरात गाय हंबरते, शेजारच्या कन्नड घरात तीच 'अंबा' म्हणते आणि इंग्रजीच्या तासाला 'मू' करते.

इंग्रजी बेळगावात आली ती छावणीबरोबर आणि पाद्र्यांबरोबर. लंडन मिशनरी सोसायटीने इथे १८२० साली ठाणं मांडलं. शब्दाला शब्द जोडण्याचं मोठं काम मात्र कोशकारांचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यानेच सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. कोशात एका शब्दाला चार अर्थ असतात. तक्त्यात एका प्राण्याला एकच शब्द उरला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं.

कारण हे शब्द मुळात एकेका प्राण्याच्या दावणीला बांधलेले नव्हतेच. 'ब्रे' जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ नुसता ओरडणं, रडणं. गाढव त्याला नंतर चिकटलं. 'बार्क', 'ब्लीट', 'नेय' हे अस्सल जुने इंग्रजी शब्द. गाईच्या हंबरण्याला 'लो' हा शब्द 'मू'च्या कितीतरी आधीचा, आणि तो लॅटिनच्या ज्या धातूशी नातं सांगतो त्यातूनच हक्क सांगणारा 'क्लेम' निघाला. म्हणजे गोठ्यातली गाय आणि कोर्टातला दावा लांबचे भाऊबंद! (सीमाभागातल्या माणसाला दाव्यांचं वेगळं सांगायला नको.)

शिवाय शब्द प्राण्यावर कमी, प्रसंगावर जास्त ठरतो. अनोळखी माणसावर कुत्रा 'बार्क' करतो, दात दाखवत गुरगुरला तर 'ग्राउल', दाराशी कुंईकुंई केली तर 'व्हाइन', रात्री गळा काढला तर 'हाउल'. घोडा ओळखीच्या माणसाला पाहून हळू आवाजात खिंकाळला तर 'व्हिनी'.

खरी पंचाईत माणसाच्या रडण्याची. आपण आईच्या आकांताला 'हंबरडा' म्हणतो. वासरासाठी तळमळणाऱ्या गाईचा शब्द आपण माणसाला दिला आणि त्यात अपमान नाही, उलट माया आहे. इंग्रजीत तिथे 'लो' चालत नाही. कुणी कोश उघडून 'बेलो' लिहिलं तर आईच्या जागी चिडलेला बैल उभा राहतो. तिथे 'वेल' हवा. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा. हुंदक्याला 'सॉब', मुसमुसण्याला 'व्हिंपर' (तो कुत्र्याच्या पिल्लालाही चालतो), कण्हण्याला 'मोन', किंकाळीला 'श्रीक'.

आणि 'क्राय'? फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ याचना करणं, मोठ्याने ओरडणं असा होता. आसवं गाळणं हा अर्थ सोळाव्या शतकातला. आपल्या 'आक्रोशा'चं तसंच: संस्कृतात 'क्रुश्' म्हणजे ओरडणं, मराठीत त्यात रडणं मिसळलं. त्याच धातूतून कोल्ह्याला 'क्रोष्टा' हे नाव मिळालं, आणि त्यातूनच आपला कोस आला. शिवारातली म्हातारी माणसं 'इथून दोन कोस' म्हणतात, तो कोस म्हणजे मुळात हाक पोचेल एवढं अंतर.