बाथरूमचा पंखा आणि आर्द्रतेचा चढ

बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा आपोआप लागावा म्हणून बहुतेक जण एकच नियम लिहितात: आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की पंखा चालू. मुंबईच्या जानेवारीत हा नियम चालतोही. जुलैत मात्र कोणी अंघोळ केलेली नसतानाही हवाच ८०-८५ टक्क्यांवर असते आणि पंखा दिवसरात्र घरघरत राहतो. मर्यादा ९० केली, तर हिवाळ्यात तो लागतच नाही. आर्द्रता किती आहे यापेक्षा ती किती वेगाने चढते आहे, हे पाहिलं की ऋतूचा प्रश्न उरत नाही.

घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या 'होम असिस्टंट' या सॉफ्टवेअरमधला ट्रेंड सेन्सर हेच करतो. ठरावीक काळातली मापं घेऊन त्यांच्यातून जाणारी सर्वांत जवळची सरळ रेषा तो काढतो. तिचा चढ आपण दिलेल्या किमान आकड्याहून जास्त असला की तो 'ऑन' होतो.

आर्द्रतेसाठी एसएचटी ३१ हा सेन्सर घ्यावा. त्याची चूक साधारण २ टक्क्यांच्या आत राहते. तो ३.३ व्होल्टवर ईएसपी ८२६६ या छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडायचा आणि बोर्ड चालवणाऱ्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये दर १० सेकंदांनी माप पाठवायला सांगायचं. शॉवर, गीझर आणि पंख्याचा झोत यांपासून तो लांब, दाराजवळ लावावा. त्यावर थेंब साचले तर तो बराच वेळ १०० वरच अडकतो आणि मग चढ मोजायला काही उरतच नाही. पंख्याचा रिले (सॉफ्टवेअरच्या हुकमाने चालू-बंद होणारा स्विच) बाथरूमबाहेरच्या स्विचबोर्डमध्ये, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. तिथे २३० व्होल्ट आहेत.

आता आकडे. होम असिस्टंटच्या सेटिंग्जमध्ये 'हेल्पर'मध्ये जाऊन 'ट्रेंड' निवडा आणि आर्द्रतेचा सेन्सर जोडा. गरम पाण्याच्या अंघोळीत आर्द्रता चार मिनिटांत ७८ वरून ९० वर गेली, तर चढ १२ भागिले २४०, म्हणजे सेकंदाला ०.०५ होतो. सर कोसळली आणि तासाभरात १० टक्के वाढले, तर तो जेमतेम ०.००२८. या दोन्हींमध्ये नीट बसणारा ०.०२ हा किमान चढ म्हणून द्यावा. हा आकडा नेहमी दर सेकंदाचा असतो. मिनिटाचा समजून १.२ टाकला, तर पंखा कधीच लागणार नाही.

नमुन्यांचा काळ १२० सेकंद, जास्तीत जास्त नमुने १५, किमान ६. हे मुद्दाम बदलावं लागतं, कारण मुळात दोन्ही संख्या २ असतात. दोनच मापांत ०.३ टक्क्याचा फरक पडला तरी दहा सेकंदांत चढ ०.०३ निघतो आणि नुसत्या हेलकाव्याने पंखा लागतो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. ट्रेंड सेन्सर नवा नमुना घेतो तो माप बदलल्यावरच. आकडा पूर्णांकात गोल करून पाठवला आणि आर्द्रता ९१ वर स्थिरावली, तर नवा नमुना येत नाही, जुना चढ तसाच राहतो आणि सेन्सर 'ऑन'वर अडकतो. म्हणून एक दशांश स्थळ ठेवा आणि ईएसपीहोममध्ये 'फोर्स अपडेट' चालू करा, म्हणजे आकडा तोच असला तरी प्रत्येक माप नवं धरलं जातं.

पंखा बंद करायला ट्रेंड वापरू नका. आर्द्रता ९५ वर टेकली की चढ शून्य होतो, पण खोलीत वाफ तशीच असते. त्यासाठी हॉलमध्ये दुसरा सेन्सर लावा. दोघांतला फरक ५ टक्क्यांच्या आत आला, किंवा ३० मिनिटं झाली, की पंखा बंद. पावसाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा कोरडी हवा कोणताही पंखा आणू शकत नाही, त्यामुळे ठरावीक टक्क्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

हाच ट्रेंड सेन्सर पोटमाळ्यावरच्या टाकीची गळती पकडायलाही उत्तम. २०० लिटरच्या, ६० सेंटिमीटर उंच टाकीत फ्लशची गळती तासाला २० लिटर असेल, तर पाणी तासाला ६ सेंटिमीटर उतरतं, म्हणजे सेकंदाला ०.००१७. इथे काळ दोन तासांचा ठेवावा, नाहीतर रात्री एकदा फ्लश केला तरी गळतीचा इशारा येईल. दर मिनिटाला माप घेतलं तर १२० नमुने लागतात. किमान चढ ०.००१ पुरे, मात्र झाकणाखाली लावलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. पाणी उतरतं तेव्हा ते अंतर वाढतं, म्हणून इथे आकडा उणे न देता अधिकच ठेवायचा.