सौरडाग व सौरवादळांचे भाकीत

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे आतली उष्णता वर येण्यास अडथळा होतो आणि तेथे तुलनेने थंड, गडद ठिपके दिसतात. त्यांना सौरडाग म्हणतात. डागांची संख्या सरासरी 11 वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. हे चक्र प्रथम हाइन्रिख श्वाबे यांनी 1843 मध्ये मांडले. चक्राचा जोर सांगणे आणि एखाद्या सौरवादळाची, म्हणजे सूर्यावरील उद्रेकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीची, वेळ सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाल्याने बरेच वाद उद्भवतात.

गणना : रूडॉल्फ वोल्फ यांच्या पद्धतीत डागांच्या गटांची संख्या 10 ने गुणून तीत एकूण डाग मिळवतात व बेरजेला निरीक्षक-गुणकाने (निरीक्षक व दुर्बीण यांतील फरक भरून काढणाऱ्या आकड्याने) गुणतात. 3 गटांत 14 डाग असतील, तर गुणकापूर्वी 44 मिळतात. एकटा डागही एक गट धरला जात असल्याने त्याचे 11 होतात. डाग मोजण्यासाठी सूर्याकडे थेट न पाहता त्याची प्रतिमा कागदावर पाडतात. 700 मिमी केंद्रांतराच्या दुर्बिणीला 20 मिमीची नेत्रिका लावून 48 सेंमीवर पांढरा कागद धरला, की सुमारे 15 सेंमी व्यासाचे बिंब पडते. त्यावर पृथ्वी जेमतेम 1.4 मिमीची ठरेल. मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या लहान शोधक दुर्बिणीवर टोपण घालणे विसरू नये. उष्णतेने प्लॅस्टिकची नेत्रिका वितळते आणि चिकटवलेल्या भिंगांची तडकते. त्यामुळे जुनी, न चिकटवलेल्या दोन भिंगांची हायगेन्स नेत्रिका बरी. दिशा ठरवण्यासाठी दुर्बीण स्थिर ठेवावी. बिंब ज्या बाजूला सरकते ती पश्चिम. शेण कालवलेल्या पाण्यात सूर्य पाहण्याची रीत ग्रहणाच्या वेळी खेडोपाडी होती. पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे 2 टक्के प्रकाश परततो, तोही डोळ्याला घातक असतो. मोजणी सकाळी, जमीन तापण्याआधी करावी. पावसाळ्यात साताऱ्याच्या घाटमाथ्यावर नोंदी तुटतात. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत तेव्हाही उघडीप मिळते.

डाग आणि दुष्काळ : सातारा-सांगली परिसराच्या दृष्टीने सर्वांत जुना वाद डागांचा पावसाशी संबंध आहे का, हाच. 1876–78 च्या दुष्काळात तत्कालीन सातारा जिल्हा होरपळला. आजच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर, तासगाव, वाळवे हे तालुके तेव्हा त्यातच होते (1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, 1960 पासून सांगली). 1877 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर व ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी मुख्यतः मद्रासच्या पर्जन्यनोंदींवरून डाग कमी असता पाऊस कमी, असे प्रतिपादन केले. 1878 च्या सुमारास डाग खरोखरच किमान होते, म्हणून मत पटकन रुजले. पुढे भारतीय हवामान खात्याचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी 1915 च्या सुमारास अधिक ठिकाणचे आकडे तपासले, तेव्हा संबंध क्षीण निघाला. 1918 चे अवर्षण चक्राच्या कमालीलगत, तर 1972 चे उतरत्या काळात पडले. तेव्हा वॉकर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

चक्राचे भाकीत : सूर्याच्या ध्रुवांजवळील चुंबकीय क्षेत्र चक्राच्या किमान काळात मोजून पुढील चक्राचा जोर अंदाजणे ही सध्याची त्यातल्या त्यात भरवशाची रीत आहे. 24 व्या चक्राविषयी (2008–2019) 2006 मध्ये मौसुमी दिकपती व सहकाऱ्यांनी 30 ते 50 टक्के अधिक जोर सांगितला होता; बंगळूरच्या अर्णब राय चौधुरी यांच्या गटाने सुमारे 35 टक्के घट सांगितली. चक्र दुबळे निघाले. त्यानंतरच्या 25 व्या चक्रासाठी कमाल डागसंख्येचा आंतरराष्ट्रीय समितीचा अंदाज 115, मॅकिंटॉश व सहकाऱ्यांचा 233 होता. 2024 अखेरीस आलेली सरासरीकृत कमाल सुमारे 160 भरली.

वादळाचे भाकीत : सौरज्वालेचा (सूर्यावरील अचानक भडक्याचा) प्रकाश 8 मिनिटांत येतो, तो दिसतो तेव्हाच पोचलेला असतो, म्हणून त्याची पूर्वसूचना देता येत नाही. प्रभामंडलातून (सूर्याच्या बाह्य वातावरणातून) सुटलेल्या द्रव्याच्या ढगाला मात्र 15 तासांपासून 4 दिवस लागतात. पोचण्याची वेळ 10–12 तासांनी चुकणे नेहमीचे. ढगातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असले तरच वादळ भडकते, आणि ही दिशा तो पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला 15 लाख किमीवरील यानांपाशी आल्यावरच नीट कळते. हाती उरतात 15 ते 60 मिनिटे. भारताचे सूर्यनिरीक्षक यान आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून तेथे आहे.

2 सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरला. या व इतर नोंदींवरून काहींनी वादळाची तीव्रता उणे 1760 नॅनोटेस्ला ठरवली. वादळाची तीव्रता सांगणारा आजचा निर्देशांक ताशी सरासरीचा असतो. त्या रीतीने कुलाब्याची घसरण बरीच कमी, 900 च्या आसपास येते. तुलनेसाठी हीच रीत धरणे योग्य. विजेच्या ट्राममुळे वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 च्या सुमारास अलिबागला गेले.

स्थानिक परिणाम : चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने ध्रुवीय प्रकाश येथे अपेक्षित नाही. सूर्यास्तानंतर आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) विरळ बुडबुडे उठून उपग्रहीय स्थाननिश्चिती ढळते, विशेषतः संपाताच्या (मार्च व सप्टेंबरच्या आसपासच्या) महिन्यांत व सक्रिय वर्षांत; रोव्हरने (उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या मोजणी यंत्राने) होणारी जमीनमोजणी दिवसा होत असल्याने यातून बहुधा सुटते. जागतिक इशारे ग्रिनिच वेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवावेत. 10 मे 2024 चे वादळ येथील घड्याळात रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झाले आणि 11 तारखेच्या सकाळी, ऊन चढल्यावर, शिगेला पोचले.