ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहती

दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलँडहून आलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन वंशाच्या, व्हायकिंगांच्या) शेतकऱ्यांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वसविलेल्या व चारशेहून अधिक वर्षे नांदलेल्या वस्त्या. व्हायकिंग म्हटले की लूटमारच आठवते. इथे मात्र गाईगुरांसह संसार थाटायला निघालेली माणसे दिसतात.

मनुष्यवधाबद्दल सुमारे ९८२ मध्ये तांबड्या एरिकला आइसलँडमधून तीन वर्षांसाठी हद्दपार केले. तो काळ त्याने पश्चिमेकडचा हा किनारा धुंडाळण्यात घालविला. पुढे ९८५-८६ च्या सुमारास त्याच्यामागोमाग २५ जहाजे निघाली आणि १४ पोहोचली, असे जुनी आइसलँडी बखर सांगते. बाकीची बुडाली किंवा मागे फिरली. अशा प्रवासासाठी ‘क्नार’ हे रुंद पोटाचे, शिडाचे मालवाहू जहाज वापरीत. डेन्मार्कमधील रोस्किल्ड खाडीतून १९६२ मध्ये वर काढलेले असे एक जहाज जेमतेम १६ मीटर लांब आहे. फळीवर फळी चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडलेल्या अशा उघड्या जहाजात बायकामुले, मेंढरे आणि चारा एकत्रच असे.

पूर्व वसाहत आजच्या काकोर्टोकच्या परिसरात, तर पश्चिम वसाहत नूकजवळ होती. फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या) आतल्या गवताळ उतारांवर गुरे चरत. हिवाळ्याची वैरण साठविणे हेच उन्हाळ्यातले मुख्य काम. लोखंड आणि चांगले लाकूड बाहेरून आणावे लागे. त्याच्या मोबदल्यात देण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वॉलरस या मोठ्या सागरी प्राण्याचे सुळे. त्यांच्यासाठी शिकारी शेकडो किलोमीटर उत्तरेला डिस्को उपसागराकडे जात. बाराव्या शतकापासून यूरोपात आलेल्या वॉलरस-दंतांपैकी बहुतेक ग्रीनलंडकडचे होते, असे डीएनए तपासणीतून दिसते. वसाहतीचा जीव या व्यापारात होता.

एरिकचा मुलगा लेफ याच्या काळात येथूनच उत्तर अमेरिकेच्या सफरी झाल्या. न्यू फाउंडलंडमधील लान्स-ओ-मेडोज येथे हेल्गे इंगस्टॅड व आन स्टीन या दांपत्याने १९६० नंतर नॉर्स घरांचे अवशेष उजेडात आणले. तिथे सूत कातण्याच्या चातीची दगडी चकती मिळाली आणि बटरनट ही अक्रोडाच्या जातीची फळेही मिळाली. हे झाड त्या बेटावर उगवतच नाही. म्हणजे ही मंडळी आणखी दक्षिणेला जाऊन आली होती. तेथील लाकडे धातूच्या हत्यारांनी १०२१ मध्ये तोडली गेल्याचे वृक्षवलयांवरून निश्चित झाले आहे.

पश्चिम वसाहत चौदाव्या शतकात ओस पडली. पूर्व वसाहतीची शेवटची लेखी नोंद सप्टेंबर १४०८ मधल्या ह्वाल्सी चर्चमधील लग्नाची. वधू सिग्रिड आणि वर थोर्स्टाइन पुढे आइसलँडला गेले. तिथे साक्षीदारांनी दिलेल्या जबान्यांमुळे हे लग्न आपल्याला ठाऊक आहे. चर्चच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत.

हे लोक हट्टाने गुरांनाच चिकटून राहिले आणि उपाशी मेले, ही समजूत टिकत नाही. त्यांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीत आहारातील सागरी अन्नाचा, विशेषतः सीलचा, वाटा शतकागणिक वाढलेला दिसतो. वाढती थंडी, हस्तिदंताच्या स्पर्धेमुळे घसरलेली सुळ्यांची मागणी, काळ्या मृत्यूने (प्लेगच्या साथीने) खिळखिळा झालेला नॉर्वे आणि तरुणांचे स्थलांतर अशी कारणे एकत्र आली असावीत. १७२१ मध्ये धर्मोपदेशक हान्स एगेडे या नॉर्स वंशजांच्या शोधात आला, तेव्हा त्याला तिथे आर्क्टिक प्रदेशातले मूळ रहिवासी असलेले इन्युइट लोक भेटले. त्याने त्यांच्यातच काम सुरू केले आणि त्यातून डॅनिश वसाहत उभी राहिली.