सर्व्हेवाला विचारतो मत कोणाला, मतदार सांगतो तुतारीला

2024 च्या लोकसभेला साताऱ्यात काय झालं आठवतंय ना, शशिकांत शिंदे उदयनराजेंकडून 32,771 मतांनी पडले आणि तिथेच ट्रम्पेट चिन्हावरच्या एका अपक्षाला 37,062 मतं पडली. शिंदेंचं, म्हणजे शरद पवार गटाचं, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि यादीत ट्रम्पेटचं मराठी नावही तुतारीच, लोक आपले पिपाणी म्हणायचे. ती सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण त्या अपक्षाला एरवी ओळखत होतं कोण? दिंडोरीत तर भगरे आडनावाचाच दुसरा उमेदवार पिपाणी घेऊन उभा होता, त्याने लाखाच्या वर मतं खाल्ली, तरी खरे भगरे सर निवडून आले ते सोडा.

नाव न बघता चिन्ह बघून मत द्यायचं हे दुखणं पहिल्या निवडणुकीपासूनचं आहे. 1951-52 ला बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून चिन्हं आली, आणि तेव्हा शिक्का मारायची भानगडच नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर बैलजोडी नाहीतर झाड नाहीतर झोपडी चिकटवलेली, बघायचं आणि कागद आत टाकायचा. लाखो पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजकडे बनल्या. म्हणजे उमेदवाराचं नाव माहीत नसलं तरी अडत नव्हतं. (मतदारांचीच नावं कुठे धड होती म्हणा, अमक्याची आई तमक्याची बायको अशी नोंद केलेल्या 28 लाख बायकांची नावं पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यादीतून काढली.)

निवडणुकीचे अंदाज सांगणारे पोलवाले आले ते याच सवयीवर. 1950 च्या दशकात एरिक डा कोस्टा यांनी अमेरिकेतल्या गॅलप पोलच्या धर्तीवर सुरुवात केली, 1967 पासून सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेचे देशभर अभ्यास, मग 1980 पासून एनडीटीव्हीवाले प्रणय रॉय. त्यांचं गणित म्हणजे मतं किती टक्के इकडची तिकडे सरकली आणि विरोधक किती फुटलेत, त्यात उमेदवार ओळखीचा आहे का हा प्रश्न कुठेच नाही. 2004 ला सगळ्यांनी एनडीएला पुढे दाखवलं आणि सरकार आलं काँग्रेसचं, तेव्हापासून पोलची चेष्टा सुरू झाली ती आजतागायत.

आयोगाला मात्र नावांचा घोळ कळला होता, 2015 पासून मशीनवर उमेदवाराचा फोटो लागतो तो सारख्या नावांमुळेच. तरी साताऱ्यात व्हायचं ते झालं.

सीएसडीएसची एक पद्धत मला आवडते, त्यांचा माणूस घरी येतो, चिन्हं छापलेली डमी मतपत्रिका हातात देतो, तुम्ही खूण करून डब्यात टाकायची, त्याने बघायचं नाही. पण फोनवरच्या सर्व्हेत कागद कुठून आणणार? पलीकडचा म्हणाला "तुतारी", की ऑपरेटर शरद पवार गटापुढे टिक करून मोकळा.